मोडले की लगेच मोडीत?

‘फॉरमॅट मारावं लागेल.’

संगणक दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात जा; यंत्र टेबलावर ठेवायचा अवकाश, हे वाक्य कानी पडलेच म्हणून समजा. वैद्य निदान नाडी तरी पाहतो! येथे नाडी नाही, जीभ नाही, ‘काय होतंय?’ अशी साधी विचारपूस नाही. रोगी आला की एकदम तेराव्याचीच तयारी. आणि आम्हीही मुकाट्याने माना डोलावतो. पडद्यावर काय लिहिले होते हे दुकानदार विचारत नाही आणि आम्हीही ते वाचलेले नसते. माझा वाद दुकानदाराशी फारसा नाही. त्याला पोट आहे. माझा वाद आपल्याशी आहे, कला शाखेच्या आपल्या मंडळींशी. कवितेतल्या एका शब्दावर तासभर बोलणारे आपण, पडद्यावर चार ओळी इंग्रजीत उमटल्या की डोळे का मिटून घेतो?

हे मला सुचले ते चिंतनातून नव्हे, फजितीतून.

आमच्या घरी एक जुना संगणक आहे. त्यावरील विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ पेलण्याची त्या यंत्राची ऐपत नव्हती. (यंत्राची म्हणते, नवे घेण्याची आमची तर नव्हतीच.) दिवाळीत मावसभाऊ आला आणि त्याने त्यावर उबुंटू २४.०४ बसवून दिले. १९९३ साली इयान मर्डॉक याने डेबियन सुरू केले, त्याच्या पायावर २००४ पासून उबुंटू उभे आहे. दोन्ही लिनक्सचीच घराणी, आणि दोन्ही फुकट. २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये निघाली, तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळत राहणार. म्हणजे माझे बी.ए. होऊन पुढचेही काही उरकेल इतकी मुदत.

सारे सुरळीत चालले होते. एका संध्याकाळी ‘सुधारणा उपलब्ध आहेत’ अशी चौकट आली, मी होकार दिला, आणि निम्म्यात वीज गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही. वीज आल्यावर यंत्र सुरू केले तो काळा पडदा, पांढऱ्या ओळी आणि त्यांत दोन शब्द स्पष्ट: ‘कर्नल पॅनिक’. यंत्राचा गाभाच घाबरला, तेथे मी न घाबरून काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. ते वाक्य वर दिलेच आहे. ते वडिलांकडे पाहून उच्चारले गेले. यंत्र वापरणारी मी, ती शेजारीच उभी होते. ‘काका, फॉरमॅट मारावं लागेल. आतलं सगळं जाईल.’ या ‘सगळं’मध्ये काय होते? उन्हाळ्याच्या सुटीत मराठी विभागाच्या प्रकल्पासाठी मी आजीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या मुद्रित करून घेतल्या होत्या. फोन भरला म्हणून त्या संगणकात घातल्या आणि फोनमधून पुसल्या. दुसरी प्रत ठेवली नाही. हा गाढवपणा माझा, तो मी कबूल करते. आजीचा दमा पावसाळ्यात वाढला, आता ती गात नाही. वडील म्हणाले, ‘मारून टाका एकदाचं.’ आत काय आहे हे त्यांना कुठे ठाऊक? मी ‘नको’ म्हणाले आणि आम्ही यंत्र तसेच परत आणले.

रात्री मावसभावाला फोन लावला.

‘दादा, बिघडलं.’

‘पडद्यावर काय लिहिलंय?’

‘इंग्रजी आहे रे सगळं.’

‘मग वाच की! बी.ए.ला आहेस ना?’

वाचले. फोनवर, अडखळत, एकेक शब्द. आणि खरे सांगते, कुणी मला यंत्रासमोर बसवून ‘वाच’ म्हणण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ. त्या ओळींचा अर्थ एवढाच होता की गाभ्याला मुख्य खण, म्हणजे जेथे सारे ठेवलेले असते तो डिस्कचा भाग, उघडता येईना. खण नाहीसा झाला असे तेथे कुठेच लिहिलेले नव्हते. ओव्या होत्या तेथेच होत्या. दादा म्हणाला, यंत्र पुन्हा सुरू कर आणि सुरू होता होता शिफ्टची कळ दाबून धर. (काही यंत्रांत एस्केपची दाबावी लागते.) एक यादी आली. तिच्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ अशी ओळ आणि तिच्या पोटात दोन गाभे, नवा आणि जुना. नवा बसवताना उबुंटू जुना लगेच फेकून देत नाही, निदान आधीचा एक तरी ठेवून देते. आमची आजीही नवी घागर आली तरी जुनी माळ्यावर ठेवते, तशातलाच प्रकार. जुना गाभा निवडला आणि यंत्र उघडले! तेही न उघडते तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवून आतल्या फायली बाहेर काढता आल्या असत्या, हे दादाने नंतर सांगितले. मी पहिले काम केले ते ओव्यांची प्रत घेण्याचे.

आता दुरुस्ती. तीही पुन्हा वाचण्यानेच झाली. टर्मिनल नावाच्या चौकटीत सुधारणा मागितल्या, तर उत्तर आले: डीपीकेजीचे काम मध्येच तुटले आहे, तुम्ही स्वतः अमुक आज्ञा चालवून ते पुरे करा. अमुक म्हणजे काय तेही शब्दशः दिलेले: ‘सुडो डीपीकेजी’, मग दोन आडव्या रेघांना जोडून ‘कॉन्फिगर’, मग एक रेघ आणि ‘ए’. परीक्षेत प्रश्नाखालीच उत्तर छापून यावे आणि आपण कोरा कागद देऊन बाहेर पडावे, असे आजवर आपले चालले आहे! आज्ञा टंकली, यंत्राने परवलीचा शब्द मागितला. तो टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. कळफलक बिघडला असे समजून मी दोनदा उठले. दहा मिनिटांत निम्मे राहिलेले सारे पुरे झाले. पाठोपाठ राहिलेल्या गाठी सोडवणारी ‘फिक्स ब्रोकन’ची आज्ञा, मग उरलेल्या सुधारणा. हे शेवटचे काम मात्र पहाटे पाचला उठून केले. त्या वेळी आमच्याकडे वीज सहसा जात नाही.

हे जमते कसे, याचे मला फार कुतूहल वाटले. डीपीकेजी हा हिशेबी माणूस आहे. प्रत्येक वस्तू, तिला पॅकेज म्हणतात, तो दोन टप्प्यांत बसवतो. आधी गाठोडे सोडून सामान जागच्या जागी ठेवायचे, मग त्याची मांडणी लावायची. आणि प्रत्येक पायरीची नोंद वहीत करायची: हे सोडले, हे अर्धवट मांडले, हे पुरे झाले. वीज गेली तरी वही राहते. किराणा दुकानदाराच्या खात्यासारखेच. म्हणून तर यंत्र सांगू शकते की काम कोठे तुटले. एका वहीत दोघांनी एकदम लिहू नये यासाठी तिला कुलूपही असते. कधीकधी ‘कुलूप मिळत नाही’ अशी ओळ येते, ती बहुधा एवढ्यासाठीच की पडद्याआड दुसरी सुधारणा आपोआप चालली आहे. दहा मिनिटे थांबावे. कुलपाची फाइलच पुसून टाकण्याचा सल्ला देणारे महाभाग असतात. दोन माणसे एकाच खात्यात एकदम आकडे लिहू लागली तर काय होईल ते वाण्याला विचारावे.

आणखी एक गोष्ट मी ठेचा खाऊन शिकले. चूक शोधायची तर शेवटची ओळ वाचू नये. शेवटची ओळ असते ‘उपप्रक्रियेने दोष क्रमांक १ परत केला’ अशा थाटाची. ती नुसते रडगाणे आहे. कारण वर कुठेतरी, पहिल्या तक्रारीत दडलेले असते. कधी डिस्क भरलेली असते, कधी घड्याळ मागे पडलेले. घड्याळाचा प्रकार मोठा गमतीचा. आतला रुपयाएवढा सेल संपला की यंत्र जुन्या काळात राहते, आणि सुधारणांच्या भांडाराची यादी पाहून म्हणते, ‘ही अजून ग्राह्य झालेली नाही’. कारण त्याच्या हिशेबी ती उद्याची असते! शिवाय ओळीच्या आरंभी ‘डब्ल्यू’ असेल तर ती ताकीद आणि ‘ई’ असेल तर दोष. ‘काही पॅकेजेस मागे ठेवली आहेत’ हे तर पुष्कळदा दोषच नसते. उबुंटू काही सुधारणा आधी थोड्या यंत्रांना देते आणि सारे ठीक दिसले की बाकीच्यांना. आपली पाळी यायची आहे, एवढाच अर्थ.

येथे कुणी म्हणेल, हे सारे विज्ञान शाखेच्या मुलांनी करावे; चारपाचशे रुपयांत काम होते तर रात्र कशाला जाळायची? प्रश्न रास्त आहे. ज्याच्या यंत्रात काही नाही त्याने खुशाल फॉरमॅट मारावे. पण ज्यांच्या घरी ‘अडले तर यांना विचारा’ असे कुणीच नसते, त्यांची यंत्रे पहिल्या अडचणीला दुकानात जातात आणि कोरी होऊन परत येतात. त्यात कुणाच्या टिपणवह्या जातात, कुणाच्या लग्नातली छायाचित्रे जातात, आणि ‘कॉम्प्युटर आपलं काम नव्हे’ ही समजूत तेवढी घरात राहते. ती समजूत मला पाचशे रुपयांहून महाग वाटते.

माझी तक्रार दुसऱ्या पक्षाशीही आहे. लिनक्सचे भक्त म्हणतात, ‘अगदी सोपे आहे, ही आज्ञा चिकटव.’ कुणीतरी दिलेली आज्ञा न समजता चिकटवणे आणि गाईडमधले उत्तर घोकणे यांत मला फरक दिसत नाही. वर ‘सुडो’ हा शब्द यंत्राच्या साऱ्या किल्ल्या हाती देतो. उत्तर चुकले तर गाईडवाल्याचे गुण जात नाहीत. जातात ते आपले.

आणि ती भाषा! मैत्रिणीच्या यंत्रात कुणीतरी दुसऱ्याच आवृत्तीचे भांडार जोडून ठेवले होते. तेथे ओळ आली, ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’. या चार-पाच शब्दांनी आम्हा दोघींचे दोन दिवस खाल्ले. ‘ब्रोकन’ म्हणजे मोडकी? पण त्या पॅकेजमध्ये काही मोडलेले नव्हते. पुरणपोळी करायची, पुरणयंत्र शेजारणीकडे, आणि शेजारीण गावाला गेलेली: पोळी मोडली असे आपण म्हणू का? सोबतीचे सामान नाही, एवढेच. आणि ‘हेल्ड’? आम्ही काहीच धरून ठेवले नव्हते. एखादे पॅकेज मुद्दाम रोखून ठेवण्याची सोय असते खरी, पण रोखलेल्यांची यादी मागितली तर ती रिकामी! दोन आवृत्त्यांचा मेळ बसत नव्हता, ते परके भांडार काढून टाकल्यावर बसला. वाक्य वाचूनही आम्ही फसलो, कारण वाक्यच नीट लिहिलेले नव्हते. वाचक अडाणी की लेखक आळशी, हा आपल्या वर्गातला जुना वाद येथेही लागू पडतो.

म्हणूनच मला वाटते की हे काम निम्मे तरी आपल्या शाखेचे आहे. डीपीकेजीत आणि त्याच्यावर बसलेल्या एपीटीत मराठी अनुवादाच्या फायली आहेत. यंत्राची भाषा मराठी करून पाहिली तर एक वाक्य मराठीत आणि पुढचे इंग्रजीत, असे धेडगुजरी बोलणे ऐकू येते. अनुवाद अपुरा राहिला आहे. हे काम जगभर बहुतांशी हौशी माणसे करतात आणि त्यासाठी आज्ञावली लिहिता यावी लागत नाही. ‘डिपेंडन्सी’ला अवलंबन म्हणायचे की सोबत, ‘ब्रोकन’ला मोडके की अपुरे, हे ठरवायला भाषा जाणणारा माणूस लागतो. एक अडचण मी लपवत नाही. संदेश मराठीत आला तर त्यावरचा उपाय शोधणे कठीण, कारण उपाय सारे इंग्रजी वाक्याला जोडून लिहिलेले. त्यावर तोडही आहे: आज्ञेच्या आधी ‘एलसी ऑल बरोबर सी’ एवढे जोडले की तेवढ्यापुरते यंत्र इंग्रजी बोलते. म्हणजे समजायला मराठी आणि शोधायला इंग्रजी. आपण अभ्यास तरी दुसऱ्या कोणत्या रीतीने करतो?

पुढील वर्षीच्या प्रकल्पांत या संदेशांचा अनुवाद हा एक विषय ठेवावा, असा अर्ज मी मराठी विभागात दिला आहे. सोबत पंचवीस वाक्यांचा कच्चा अनुवाद जोडला आहे. ‘हेल्ड ब्रोकन’पुढची जागा तेवढी कोरी आहे; कुणाला शब्द सुचला तर ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर मी दुपारी असते.