तासावर नको, कामावर बोला

परसात काही करायचे ठरले की हल्ली पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. शोषखड्डा काढायचा असो, गाडी आत यावी म्हणून अंगण दोन फूट उतरवायचे असो, की घरामागचा उतार कापून आणखी एका खोलीपुरती जागा करायची असो, पहिला प्रश्न ठरलेला: तासाला किती? माझे म्हणणे असे की बिघाडाची सुरुवात या प्रश्नातच होते. तासाचा भाव ठरला की मालकाचे सगळे लक्ष घड्याळावर जाते. चालकानेही बकेट भराभर मारावी एवढीच अपेक्षा उरते. कुठवर खोदायचे, माती कुठे टाकायची, पाणी कुठून काढायचे हे मशीन दारात सुरू असताना, डिझेल जळत असताना ठरवले जाते, आणि घाईत ठरलेले बहुधा चुकते. परसातली खोदाई द्यायची तर ती गावातल्या, त्या जमिनीत आधी काम केलेल्या माणसाला द्यावी, आणि तास न मोजता मापे लिहून पूर्ण काम द्यावे.

गावातलाच का, याचे उत्तर जमिनीत आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर जांभा लागतो. हवा लागली की तो आणखी कडक होतो, त्यामुळे उभा कापला तरी टिकेल असे वाटते. पण अनेक ठिकाणी त्याच्या खाली पांढरट-पिवळसर चिकणमातीचा थर असतो. पावसाळ्यात जांभ्यातून झिरपलेले पाणी या थरावर येऊन थांबते, माती लोण्यासारखी होते आणि वरचा कठीण भाग आधार सुटून खाली येतो. हा थर दहा फुटांवर लागेल की पंधरा, हे त्याच वाडीत विहिरी आणि पाये काढलेल्या माणसाला ठाऊक असते. देशावरचा प्रश्न वेगळा. तिथे काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरुमाखाली कातळ, पण शेजारशेजारच्या दोन प्लॉटांत कातळाची खोली सारखी असेलच असे नाही. कातळ लागला की बकेट काढून ब्रेकर लावावा लागतो, आणि त्याचा भाव वेगळा. शेजारी काय लागले होते हे माहीत असलेला माणूस हा खर्च आधी सांगू शकतो. रस्त्याच्या कामावर आलेला आणि जाता जाता तुमचेही काम उरकणारा बाहेरचा चालक तो सांगू शकत नाही. त्याचा कमी भाव त्या अज्ञानासकट येतो.

मातीचा हिशेबही आधी करायला हवा, कारण खर्च सर्वात जास्त फुगतो तो तिथेच. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. वीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि पाच फूट खोल खड्डा म्हणजे जमिनीतली दहा ब्रास माती. पण खणलेली माती फुगते. साध्या मातीत पाव पटीने वाढ सहज होते. म्हणजे डंपरमध्ये भरायची वेळ आली की ती साडेबारा ब्रासच्या घरात जाते. तासाच्या बोलीत ही वाहतूक कुणीच धरलेली नसते. मग माती खड्ड्याच्या काठावरच रचली जाते किंवा रात्री वहाळात ढकलली जाते, आणि पहिल्या मोठ्या पावसात तिच्यामुळे अडलेले पाणी खालच्या घराच्या अंगणात शिरते. काठावरच्या ढिगाचा धोका तर आणखी जवळचा. भारतीय मानकानुसार खोदलेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर हवी. आत माणूस उतरणार असेल तर दीड मीटरपेक्षा खोल चराच्या बाजूंना आधार किंवा पुरेसा उतार द्यायला हवा. शोषखड्ड्यात तळाला गवंडी उतरतोच. त्याच्या डोक्यावर मातीचे वजन ठेवून वाचवलेल्या पैशाला मी बचत म्हणणार नाही.

रॉयल्टीबाबतही गोंधळ फार. पायासाठी खणलेली माती त्याच जागेत भरावाला वापरली म्हणून गौण खनिजाचे स्वामित्वधन मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात 2014 मध्ये स्पष्ट केले. पण तीच माती किंवा मुरूम ट्रॉली भरून विकायला बाहेर निघाला की गोष्ट बदलते. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 मध्ये बाजारभावाच्या पटीत दंड आहे. मुरूम आम्ही नेतो, तुमचे काम स्वस्तात करतो, ही बोली म्हणूनच लेखी परवान्याशिवाय स्वीकारू नये. शेजाऱ्याचा हक्कही लक्षात असावा. त्याच्या जमिनीला आपल्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो, तो 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने त्याचा हक्क मानला आहे. हद्दीला लागून उभा कडा कापला आणि त्याचा गडगा ढासळला, तर मी माझ्याच जागेत खोदले होते हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

यावर कंत्राटदारांचा आक्षेप रास्त आहे: जमिनीखाली काय आहे ते दिसत नसताना ठोक भाव कसा द्यायचा? त्याने अंदाजे आकडा दिला आणि कातळ लागला तर तो बुडेल, किंवा काम अर्धवट टाकून जाईल. पण यासाठी तासाकडे परत जायची गरज नाही. आधी एक चाचणी खड्डा घ्यावा, आणि दोन भाव लिहावेत: माती-मुरुमाचा ब्रासवर, कातळाचा ब्रेकरच्या तासावर. अनिश्चितता उरते ती फक्त कातळापुरती, आणि ती मालकाने सोसणेच न्याय्य आहे. जमीन त्याची आहे.

दुसरा आक्षेप भिडेचा. गावातला माणूस, नात्यातला किंवा ओळखीचा; त्याच्यापुढे कागद कसा धरायचा? मला वाटते संबंध बिघडतात ते कागद नसल्याने. खोली किती ठरली होती, माती कोण नेणार होते, यावरून दोन प्रामाणिक माणसेही भांडतात. एका वहीच्या पानावर मापे, मातीची जागा, पाण्याची वाट आणि दोन भाव एवढे पुरते. गावातला म्हणजे जाणकारच असेल असेही मी म्हणत नाही. कित्येकांनी कर्ज काढून मशीन घेतलेले असते आणि हप्त्याच्या ओझ्याने ते मिळेल ते काम करतात. पारख करायची तर तो जागा पाहायला आल्यावर काय विचारतो ते ऐकावे. पावसाचे पाणी कुठून येते, पाइप आणि केबल कुठून गेल्यात, संरक्षक भिंत कधी बांधणार, असे त्याने आपणहून विचारले तर त्याला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

तळीये किंवा इरशाळवाडीच्या दरडींची कारणे फार मोठी होती. परसातल्या खोदाईला त्यांच्या पंक्तीत बसवणे चुकीचे होईल. पण घरामागे कापलेला कडा पडवीवर येणे ही कोकणात दर पावसाळ्यातली बातमी आहे, आणि तिचे कारण पुष्कळदा वेळापत्रकात सापडते. बहुतेक लोक मे महिन्यात, पाहुणे-लग्ने आटोपल्यावर मशीन बोलावतात. तेव्हा प्रत्येक मशीन गुंतलेले असते, भाव चढलेला असतो, आणि मृगाच्या आत भिंत बांधून व्हायला दिवस उरत नाहीत. उतार कापायचाच असेल तर खोदाई फेब्रुवारीत व्हावी, भिंत मार्चमध्ये, आणि भिंतीत पाणी निघायला भोके व मागे दगडगोट्यांचा भराव हे त्याच करारात यावे. ठरलेल्या रकमेचा दहावा हिस्सा श्रावणापर्यंत राखून ठेवावा. खोदलेल्या जागेचा भराव पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत खचतो, आणि तो पुन्हा भरायला गावातलाच माणूस येऊ शकतो.