गुडघेदुखीच्या आड दडलेले विमान

सहलींचा हंगाम आला की आमच्या दवाखान्यात ज्येष्ठ मंडळी प्रवासास योग्य असल्याचा दाखला मागावयास येतात. परवा आरवलीच्या एक निवृत्त शिक्षिका मात्र अयोग्य असल्याचा दाखला मागावयास आल्या. बारा मैत्रिणींची दुबईची सहल ठरलेली, पैसेही भरून झालेले. कारण सांगितले गुडघ्यांचे. याच गुडघ्यांनी त्या रोज वेतोबाच्या देवळापर्यंत चालत जातात, हे मला ठाऊक होते. थोडा वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "डॉक्टरानू, माका विमानाची भीती वाटता. पण सुनेक सांगू नकात."

वाचकहो, भीती सांगण्यापेक्षा दुखणे सांगणे आपल्याला सोपे वाटते. घरचेही मग दुखण्यावरच उपाय करतात. भीती होती तेथेच राहते आणि पोटात जातात त्या वेदनाशामक गोळ्या. उतारवयात त्या मूत्रपिंडांना किती महाग पडतात, हे याच सदरात पूर्वी लिहिले आहे. म्हणून घरच्यांना माझी विनंती अशी की, प्रवासाची तारीख जवळ येताच दुखणे वाढू लागले, तर हसू नका. शेजारी बसून शांतपणे विचारा.

बाईंनी मधला मार्ग सुचवला होता: मोपा ते मुंबई मैत्रिणी विमानाने जातील, मी आदल्या दिवशी सावंतवाडीहून कोकणकन्येने जाईन. मी नेमके उलट सांगितले. टाळलेली भीती वाढत जाते. मुंबईचे सव्वा तासाचे उड्डाण हाच तर सराव! ऐपत असेल तर सहलीपूर्वी एकदा सुनेसोबत तेवढेच जाऊन यावे. दाखला अर्थातच दिला नाही.

सराव घरीही होतो. छातीत धडधड, तळहातांना घाम, श्वास अपुरा वाटणे ही धोक्याच्या घंटेची लक्षणे असतात, मात्र घंटा खोटी वाजलेली असते. चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा अंक मोजत सावकाश सोडावा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे असे केले, तर ऐन वेळी ते आठवते. विमानातील आवाजही आधीच समजून घ्यावेत. उड्डाणानंतर पोटाखाली धप्प होते, ती चाके आत जातात. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज उतरतो, तेव्हा ते बंद पडलेले नसते. चढण्यासाठी लावलेला जादा जोर कमी केलेला असतो. हवेतील हेलकाव्यांविषयी शिरोड्याच्या माणसाला मी काय सांगावे? वेळागरच्या किनाऱ्यावरून सुटलेली होडी लाटेवर वरखाली होते, म्हणून ती बुडत नाही. पंखांजवळच्या आसनावर हेलकावे कमी जाणवतात. बसल्यावर पट्टा मात्र बांधलेलाच असू द्यावा.

शेजारणीने दिलेली झोपेची किंवा 'टेन्शनची' गोळी घेऊ नये. वयस्कांना तिने भ्रम होतो, तोल जातो. शिवाय तासन्‌तास न हलता झोपल्याने पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी आवश्यकच असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेली, आणि तीही आधी घरी घेऊन पाहिलेली असावी.

आता खऱ्या घंटेविषयी. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणजे आपण साधारण सिमल्याला बसलेले असतो. निरोगी माणसाला त्याचे काही वाटत नाही. परंतु अलीकडे हृदयविकाराचा झटका वा शस्त्रक्रिया झाली असेल, चार पायऱ्या चढून दम लागत असेल, चालताना छातीत दाटत असेल, तर ती भीती म्हणून सोडून देऊ नये. तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करावी.

औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह ठेवावीत. इन्सुलिन सामानात टाकू नये, तेथे ते गोठून निकामी होऊ शकते. चाकांची खुर्ची हवी असल्यास तिकिटाच्या वेळीच कळवावे. त्यात कमीपणा नाही.

बाईंनी सुनेला सांगितले आहे. पुढच्या आठवड्यात दोघी मुंबईला जाऊन येणार आहेत. दुबईसाठी मैत्रिणींना अनारसे न्यायचा त्यांचा बेत आहे, तेव्हा एक सूचना सर्वांसाठीच: संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अनारसे असोत की घरचा मसाला, खसखस घातलेले काहीही सोबत घेऊ नका.