जिजीने राखलेले बी

रब्बी ज्वारीची कणसे भरली आहेत, हुरड्याचे दिवस सरत आले आहेत, आणि पंधरा-वीस दिवसांत काढणीची गडबड सुरू होईल. या सदरात अशा वेळी मी बियाणे निवडण्याविषयी लिहितो. यंदाही तेच लिहिणार आहे. फरक इतकाच, की हे मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांच्यापैकी पदवी नसलेल्या शिक्षिकेविषयी आजवर कधी लिहिले नाही. ती माझी आजी. आम्ही सगळे तिला जिजी म्हणत असू.

आमचे गाव मंगळवेढ्याकडचे. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारे खुली केल्याची कथा आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असते. काळी, खोल जमीन, पाऊस बेभरवशाचा, आणि पीक एकच, मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्वातंत्र्यापूर्वी याच मालदांडीतून निवड करून एम 35-1 हा वाण काढला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जिजीला यातले काही ठाऊक नव्हते. तिला कणीस ठाऊक होते.

काढणीच्या आधी दोन दिवस ती एकटी रानात शिरायची. कमरेला ओचा खोचलेला, हातात विळा. बांधाकडेच्या ओळी ती सोडून देई. ‘कडंचं कणीस शेजाऱ्याचं बी वाऱ्यानं घेतंय,’ असे तिचे म्हणणे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आम्हाला हेच परागीभवनाच्या नावाने शिकवले. ज्वारी मुख्यत्वे स्वपरागित, म्हणून घरचे बी राखता येते. पण थोडे परपरागीभवन होतेच, म्हणून बी शेताच्या मधून घ्यावे. ताट सरळ, लोळलेले नाही, कणीस गच्च, दाणा मोत्यासारखा, आणि काणीचा एकही काळा दाणा नाही, असेच कणीस तिच्या ओच्यात जाई. काणी लागलेले कणीस दिसले की ती ते रानात फेकत नसे. वेगळे घरी आणून चुलीत घाली. ही निवडलेली कणसे ती वेगळी वाळवी, काठीने हलकेच बडवी, आणि दाणा राखेत घोळून, कडुनिंबाचा वाळला पाला घालून, मडक्यात भरून तोंड शेणामातीने लिंपून टाकी.

खायची ज्वारी पेवात असे. पेव आता बऱ्याच गावांत बुजले, पण जिथे आहे तिथे तिचा नियम अजून लागू आहे. पेवाचे तोंड उघडले की त्या दिवशी कुणी आत उतरायचे नाही. दुसऱ्या दिवशी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरणार नाही, मग दारात व्यापारी गाडी जुंपून उभा असो. साठवलेले धान्यही श्वास घेते, बंद जागेतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. घाईने उतरलेली माणसे पेवात गेल्याच्या हकिकती आमच्या भागात जुन्या लोकांकडून ऐकायला मिळतात. आमच्या घरातून कुणी गेले नाही.

1972 चा दुष्काळ आला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. पुढचे सांगतो ते आईकडून ऐकलेले. आदला पाऊसही बेताचा होता, त्यामुळे पेव तळाला गेलेले. हस्त कोरडा गेला आणि पेरणीच झाली नाही. घरात खाणारी अकरा माणसे, आणि माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत जिजीने लिंपलेली मडकी. बारा एकरांचे बी, एकरी चार किलो धरले तर अठ्ठेचाळीस किलो, म्हणजे जेमतेम अर्धे पोते. अकरा माणसांना दहा-अकरा दिवस पुरेल इतके.

बायका-पुरुष खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले. माझी धाकटी बहीण तेव्हा पोटात होती. ‘सूनबाई घरी ऱ्हाईल, तिच्या वाटची खडी म्या फोडीन,’ असे म्हणून पन्नाशीची जिजी स्वतः हातोडी घेऊन निघाली. कामावर मिळालेली सुकडी ती पदरात बांधून आणी आणि सुनेला आधी देई. रेशनवर लाल मिलो मिळे. त्याची भाकरी थापली जात नाही, तव्यावर टाकेपर्यंत तुटते, आणि ज्वारीवर वाढलेल्या जिभेला ती गोड लागत नाही. एके रात्री आजोबाच म्हणाले, एक मडके फोड, पोरांना घरची भाकरी मिळू दे. आजोबांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. जिजी म्हणाली, ‘ह्ये ज्वारी न्हाई, बी हाय. फोडायचं आसंल तर माझ्यामागं फोडा.’ आणि त्या रात्रीपासून ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर निजू लागली.

1973 ला पाऊस झाला. पण बी आता दीड वर्षाहून जुने. उगवेल का? नवरात्रात आमच्याकडे घट बसतो, पत्रावळीवर शेतातली माती पसरून त्यात धान्य पेरतात. जिजीने घटात मडक्यातलेच दाणे मोजून पेरले. देवीपुढे उगवण-तपासणीच होती ती! घट विरळ आला. तिने काय करावे? एकरी चारच्या जागी पाच किलो पेरायला लावले, आणि बी पुरेना म्हणून बारा एकरांपैकी साडेनऊ एकरच पेरले. भावकीतल्या तीन घरांनी बी खाऊन टाकले होते. पुढच्या काढणीनंतर त्यांना तिने बी दिले. बियाण्याची उसनवारी सवाईने फेडायची रीत होती. तिने सवाई घेतली नाही.

हे झाले बियाण्याचे. आता जरा नाजूक विषय काढतो, कारण हे पान घरातल्या सगळ्यांच्या हाती जाते.

1986 साली आजोबा गेले. तेराव्यानंतर वारसनोंदीचे कागद आले. दोन मुलगे, दोन लेकी, आणि जिजी. 1956 च्या कायद्याने आजोबांच्या हिश्शात विधवा आणि लेकी या मुलांच्या बरोबरीने वारस. पण रीत अशी, की लेकींनी हक्कसोड द्यायचे, आईनेही द्यायचे, आणि साडी-चोळी घेऊन परत जायचे. थोरल्या चुलत्यांनी कागद पुढे केला. जिजीला वाचता येत नव्हते. तिने माझ्याकडून तो मोठ्याने वाचून घेतला, दोनदा. मग विचारले, ‘बहात्तर साली खडी फोडाया ह्या पोरी व्हत्या का न्हवत्या?’ कुणी बोलले नाही. तिने अंगठा दिला नाही आणि लेकींनाही सही करू दिली नाही. पाचही नावे सातबाऱ्यावर लागली.

याची किंमत तिने मोजली. थोरले चुलते चार वर्षे तिच्याशी बोलले नाहीत, एकाच वाड्यात राहून. ती रोज त्यांच्या दारी ताकाचा तांब्या ठेवून येई. कधी तांब्या रिकामा परत येई, कधी तसाच भरलेला. मला आजही वाटते, खडी फोडण्यापेक्षा तिला ती चार वर्षे जड गेली असतील. चुलते वाईट होते असे नाही. गावात सगळे जे करत ते त्यांना करायचे होते. पाचव्या वर्षी त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनीच जिजीला हळद लावायला पुढे बोलावले.

जिजी 2003 च्या हिवाळ्यात गेली. धाकटी आत्या त्याआधीच विधवा होऊन माहेरी आली होती. सातबाऱ्यावर नाव होते म्हणून ती भावांच्या दारी आश्रित झाली नाही, स्वतःच्या तुकड्यावर राहिली. तिथे ती अजून तेच मालदांडी पेरते. मी तिला फुले वसुधा, फुले सुचित्रा हे वाण दिले, तिने अर्ध्या रानात लावले, धान्य जास्त आले हेही मान्य केले. पण भाकरीला आणि कडब्याला मालदांडीच, असा तिचा निकाल आहे. माझी एक गोष्ट मात्र तिने पुरती घेतली. राखेच्या भरवशावर न राहता पेरणीआधी ती किलोमागे चार ग्रॅम 300 मेश गंधक बियाण्याला चोळते, आणि काणी आता तिच्या रानात औषधालाही सापडत नाही. तुम्हीही तसेच करा. एवढे मात्र ध्यानात ठेवा, की घरचे बी राखायचे ते सुधारित किंवा गावरान वाणाचे. संकरित ज्वारीचे बी दरसाल नवे घ्यावे लागते.

आत्या सत्तरीपुढे गेली. तिला आता वाकून रान धुंडाळवत नाही. पुढच्या रविवारी कणसे निवडायला मी आणि माझी मुलगी जाणार आहोत. विळे तिने धार लावून ठेवले आहेत, असा निरोप आला आहे.