नवें वाहन सदोष निघाल्यास

बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, खोड विचारतों, औताला जुंपून पाहतों. आणि लाखों रुपयांचा टेंपो अगर ट्रॅक्टर घेतांना विक्रेत्याच्या शब्दावर विसंबतों, हें नवलच होय. गोराईचा भाजीमाल बोरिवलीच्या बाजारीं नेणारा नवा टेंपो महिन्यांतून चार वेळां दुरुस्तीस गेला, तर माल नासतो. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं.

अशा वेळीं नशिबाला बोल लावून स्वस्थ बसूं नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करतां येते. उपनगर जिल्ह्याचा आयोग वांद्रे (पूर्व) येथें आहे. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाहीं. वकील दिलाच पाहिजे असेंही नाहीं. मुदत मात्र दोन वर्षांची. वाहन धंद्यासाठीं घेतलें म्हणून तुम्ही ग्राहक नव्हे, असा आक्षेप हटकून येतो. परंतु स्वतः वाहन चालवून पोट भरणारा ग्राहकच ठरतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं सांगितलें आहे.

तथापि तक्रार मोघम असूं नये. २००६ सालच्या एका निकालांत, वॉरंटींत सदोष भाग बदलून देण्याचेंच वचन असल्यामुळें, सबंध मोटार बदलून देण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें फिरविला. गोव्यांत २०११ सालीं एका गृहस्थास २००९ सालची मोटार नवी म्हणून विकण्यांत आली. विक्रेत्याची ही लबाडी कारखानदारास ठाऊक होती असें सिद्ध न झाल्यानें २०२१ सालीं टाटा मोटर्स जबाबदारींतून मुक्त झाली. यास्तव वॉरंटीचा कागद आधीं वाचावा, आणि तक्रारींत कारखानदाराचा दोष वेगळा व विक्रेत्याचा वेगळा मांडावा.

आमचें स्पष्ट मत असें कीं, शेतकरी हरतो तो बहुधा कागदाअभावीं. गॅरेजांत प्रत्येक खेपेस तारीख, किलोमीटर व बिघाड नमूद केलेलें जॉब कार्ड मागून घ्यावें. दोष न सुधारल्यास स्पीड पोस्टानें नोटीस द्यावी. दोष मुळांतच असल्याचें म्हणणें असेल, तर आयोगाकडे तज्ज्ञांकरवीं तपासणी मागावी. रागाच्या भरांत हप्ते मात्र थांबवूं नयेत; बँकेचें देणें वेगळें आणि हा तंटा वेगळा.

आयुष्य महसुली दप्तरांत गेलेल्या माणसाची एवढीच विनंति, कीं सात-बाराचा उतारा जसा जपतां, तसेच हे कागदही जपा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.