पिक्चर संपल्यावर आपण कोणाच्या बाजूने बोलतो?

‘दृश्यम’ टीव्हीवर लागला की आपल्याकडे माणसं चौथ्यांदा, पाचव्यांदा बघत बसतात. ऊसतोडीला गेलेली पोरं फडावरच्या कोपीत मोबाईलवर बघतात. ‘डोंबिवली फास्ट’वाल्या निशिकांत कामत यांनी मूळ मल्याळम चित्रपटावरून २०१५ साली हा हिंदीत केला. गोव्यात केबलचा धंदा करणारा, चौथी नापास विजय साळगावकर. त्याच्या पोरीला छळणारा मुलगा तिच्याच हातून मरतो, बाप प्रेत लपवतो, आणि मेलेल्या मुलाची आई निघते पोलीस खात्यातली बडी अधिकारी. शेवटी बाप सुटतो आणि आपण समाधानाने उठतो.

उठताना काय म्हणतो? “बरोबर केलं बापाने. घरच्यासाठी माणूस काय पण करतो.” मीही असंच म्हटलं आहे. बीड जिल्ह्यातल्या माझ्या माणसांनो, आज हे वाक्य जरा थांबून ऐका, एवढीच विनंती करायला मी बसलो आहे. कारण ते पिक्चरपुरतं राहत नाही.

आपण त्या बापाच्या बाजूने का होतो, ते आधी खरं खरं बोलू. त्याने प्रेत लपवलं म्हणून नव्हे. त्याच्या जागी आपण असतो तर ठाण्यात आपलं कोणी ऐकलं नसतं, हे आपल्याला माहीत आहे म्हणून. तिथला एक पोलीस त्याच्या लहान पोरीवर हात टाकतो तेव्हा बघणाऱ्याच्या अंगाला आग लागते. ही आग खोटी नाही. ठाण्याच्या बाकावर तास न् तास बसून तक्रार न नोंदवता परत आलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. ‘पोलिसांवर विश्वास ठेवा’ असं कोरडं सांगायला मी आलेलो नाही.

पण त्याच पिक्चरमधल्या दुसऱ्या घराकडे बघा. ती अधिकारी बाईसुद्धा जे करते ते घरच्यासाठीच करते. तिचा पोरगा बेपत्ता आहे. त्याच्यासाठी ती वर्दी वापरते, कायदा मोडते, एका लेकराला मार बसू देते. बापाने केलं तर माया आणि आईने केलं तर माज, हा हिशेब आपण कसा लावला? एकाच मायेची दोन घरं आहेत. कॅमेरा ज्या घरात जास्त वेळ बसला, त्या घराचे आपण झालो.

कायदा काय म्हणतो तेही ठाऊक असू द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम २४९ गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा ठरवतं. त्यातून सूट आहे ती फक्त नवरा-बायकोला. आई, बाप, भाऊ, चुलता, मेहुणा, कोणालाच नाही. पुरावा नाहीसा करण्याचं कलम २३८ तर नवरा-बायकोलाही सोडत नाही. आणि अंगावर आलेल्या माणसापासून स्वतःचा बचाव करण्याचा हक्क याच कायद्याने दिलेला आहे. पिक्चरमधल्या त्या पोरीच्या बाजूने कोर्टात बोलायला जागा होती. प्रेत पुरलं त्या रात्री ती जागाही पुरली गेली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो.

९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण झालं आणि खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हे घडलं, असं दोषारोपपत्रात म्हटलं आहे. त्यांच्या छळाचे फोटो मार्च २०२५ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले आणि राज्याच्या एका मंत्र्यांनी राजीनामा दिला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील, त्यात मी पडत नाही. मला बोलायचं आहे ते त्या दिवसांत आपल्या तोंडून काय निघालं त्याबद्दल. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या मांडवात पहिला प्रश्न काय होता? कोण मेला, कसा मेला, हा नव्हता. “कोणाचा होता?” हा होता. मग “आपली पोरं असं करणार नाहीत” आणि “त्यांनी आधी काय केलं ते कोणी सांगत नाही.” गावात एकमेकांच्या बांधाला बांध असलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

पिक्चरमधलं घर चार माणसांचं असतं. आपल्याकडे ते वाढत जातं. आधी लेकरू, मग भाऊ, मग भावकी, मग पावणे, मग जात, आणि शेवटी ज्याच्या गाडीमागे आपली पोरं पळतात तो नेता. ‘घरच्यासाठी काय पण’ हे वाक्य त्या एवढ्या मोठ्या घराला लावलं की त्यात खंडणीसुद्धा बसते. सोप्यावर बसलेली दहा-बारा वर्षांची पोरं हे ऐकत असतात. कोयता, पिस्तूल हातात घेऊन व्हिडिओ टाकणारा पोरगा आभाळातून पडत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी हुकूम काढला की बीडच्या पोलिसांच्या नावाच्या पाटीवर फक्त पहिलं नाव राहील, आडनाव नको. मला हा हुकूम पटला, आणि त्याचं दुःखही झालं. आडनाव वाचून आपलं काम होईल की नाही हे ठरवण्याची सवय दोन्ही बाजूंना लागली होती, म्हणून तो काढावा लागला. पाटी बदलली, आता “साहेब कुठले?” हे विचारणं आपण सोडायचं आहे.

जुना ‘दीवार’ आठवा, १९७५ चा. एक भाऊ तस्कर, एक पोलीस. आई तस्कराचा बंगला सोडून पोलीस असलेल्या पोराकडे राहायला जाते. तिची दुसऱ्यावरची माया मात्र शेवटपर्यंत तुटत नाही, तो तिच्याच मांडीवर जीव सोडतो. तिने त्याला लपवलं नाही आणि टाकलंही नाही. घरच्यांशी इमान असं असतं, हे आपल्या आया-आज्यांना कळलं होतं. त्या थिएटरात त्या आईसाठी रडल्या होत्या.

तेव्हा माझं म्हणणं ऐका. पिक्चर जरूर बघा, घरच्यांबरोबर बघा. संपल्यावर पोरांना विचारा, तो मेलेला मुलगा तुझा भाऊ असता तर? उत्तर लगेच येणार नाही. येऊ द्या सावकाश.

आणि खरोखरच प्रसंग आला तर ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द कोणाची हे बघायचं नाही. तोंडी सांगितली तर पोलिसांनी लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, आणि नोंदवलेल्या खबरीची प्रत फुकट द्यायची. नाही घेतली तर लेखी तक्रार टपालाने अधीक्षकांना पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर बाईला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, साठीच्या पुढच्या माणसाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. जीवाला धोका वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्ह्याची समिती जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली असते, अर्ज तिच्याकडे करायचा.

भीती वाटते हे मला माहीत आहे. साक्ष देऊन आल्यावर राहायचं त्याच गावात असतं. म्हणून एकट्याने जाऊ नका, चार शेजारी मिळून जा, आणि त्या चारांत एकाच भावकीचे सगळे नसतील असं बघा.

तुमच्यासमोर कोणाला मार बसला, कोणाला गाडीत घालून नेलं, तर मारणारा तुमचा सख्खा चुलतभाऊ असला तरी पाहिलेलं सांगा. आणि कोर्टाचं समन्स आलं तर त्या दिवशी गावाबाहेर जाऊ नका. कोर्टात जा.