सापाच्या पोटाखाली काय अंथरावे?

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात आमच्या वस्तीत एक प्रसंग घडला. शेजारच्या एका होतकरू मुलाने नळकोंडाळ्यापाशी निघालेली धामण पकडली आणि घरी आणली. प्लास्टिकच्या बरणीच्या झाकणाला भोके पाडली, आत वखारीतला लाकडाचा भुसा पसरला आणि बरणी खाटेखाली ठेवली. "काका, मऊ अंथरूण केलंय तिला," असे तो आम्हांस कौतुकाने सांगत होता. त्याच खाटेवर त्याच्या बहिणीचे तान्हे बाळ निजले होते.

सकाळी पाहिले तर भुसा धामणीच्या तोंडाला चिकटलेला आणि ती तोंड बरणीला घासत होती. आम्ही कचेरीत फायली सांभाळणारे, सापातले आम्हांस काय कळणार? ओळखीच्या सर्पमित्राला बोलावले. त्याने वनखात्याला कळवून धामण ताब्यात घेतली. ती कोऱ्या सुती पिशवीत घातली, पिशवी हवेशीर डब्यात ठेवली. मग त्याने आम्हां सर्वांना बसवून समजावले, ते येथे देत आहोत.

साप पोटाखालच्या रुंद खवल्यांनी जमीन धरून सरकतो. जमीन सतत ओली राहिली तर खवले कुजतात, फार कोरडी झाली तर कात नीट निघत नाही. बारीक भुसा तोंडात व नाकात जातो. देवदाराच्या वासाच्या भुशातील तेल सापाच्या फुफ्फुसांना बाधते. वाळू भक्ष्याबरोबर पोटात जाऊन अडकते. म्हणून एखादा साप रात्रभर ठेवणे भागच पडले, तर सर्पमित्र जुने वर्तमानपत्र किंवा स्वच्छ सुती कापड घालतात. ते स्वस्त असते, घाण चटकन दिसते आणि बदलताही येते.

शहरातील काही हौशी लोक आफ्रिकेतला बॉल पायथन, अमेरिकेतला कॉर्न स्नेक पाळतात. काचेच्या पेटीत त्यांच्यासाठी नारळाच्या काथ्याचा भुसा घालतात, कारण तो ओल धरून ठेवतो. बॉल पायथन मुळात उंदरांच्या बिळांत राहणारा. त्या बिळाची नक्कल पैसे मोजून करावी लागते. शिवाय बॉल पायथनसारख्या विदेशी प्राण्याची सरकारकडे नोंदणीही करावी लागते. आपल्या शेतातल्या सापाला ते बीळ फुकट मिळालेले आहे, हे आपण विसरतो.

आमची सासुरवाडी सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात आहे. तेथील बत्तीस शिराळ्यास नागपंचमीला जिवंत नाग पकडून, तोंडाला फडके बांधलेल्या मडक्यांत ठेवीत व मिरवीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी ते थांबले. 2025 साली केंद्राने 21 नाग पकडण्यास परवानगी दिली, तीही केवळ शिक्षणासाठी. श्रद्धेने ठेवा की कौतुकाने, मडके काय आणि बरणी काय, सापाला ती कोठडीच.

कायदाही कडक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली. नाग व धामण आता पहिल्या अनुसूचीत आहेत. असा प्राणी पकडून घरी ठेवणाऱ्यास किमान तीन वर्षे तुरुंगवास व 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. हातावर पोट असलेल्या घरातला कमावता मुलगा कोर्टाच्या फेऱ्यांत अडकला, तर ते घर कसे उभे राहणार?

त्याहून मोठी भीती जिवाची. धामण बिनविषारी म्हणून या वेळी निभावले. अंधारात धामण समजून नागावर हात पडला असता तर?

म्हणून बंधू-भगिनींनो, साप निघाला तर लहान मुलांना दूर न्या, सापावर लांबून नजर ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे न जाता 108 ची गाडी बोलवा व सरळ सरकारी दवाखाना गाठा.

त्या संध्याकाळी धामण ओढ्याकाठी सोडताना तो मुलगाही सोबत गेला होता. परत येऊन म्हणाला, "काका, मातीला पोट लागलं आणि क्षणात दिसेनाशी झाली." तिच्यासाठी योग्य अंथरूण कोणते, ते त्याला त्या क्षणी उमगले.