लेपाआड लपलेली जखम

मधुमेही माणसाच्या अंगावर गळू उठले किंवा पायाला जखम झाली की घरात आधी हळद-कडुनिंबाचा लेप तयार होतो. ‘आयुर्वेदातच सांगितलंय’ हा त्यामागचा भरवसा. ग्रंथ मात्र एवढ्यावर थांबत नाहीत.

प्रमेहात उठणाऱ्या गळवांना आयुर्वेदात ‘प्रमेहपिडका’ म्हणतात. चरकाने त्यांचे सात प्रकार सांगितले, सुश्रुताने दहा. मोहरीसारखी ती सर्षपिका, कासवाच्या पाठीसारखी ती कच्छपिका. प्रमेहाकडे दुर्लक्ष झाल्याने त्या उद्भवतात, हे चरकाचे निरीक्षण आजही पटते. रक्तातली साखर चढी राहिली की जंतुसंसर्ग बळावतो, जखम लवकर भरत नाही. सुश्रुत तर कच्च्या पिडकेवर सुजेचे आणि पिकलेल्या पिडकेवर व्रणाचे उपचार सांगतो. त्याच्या व्रणचिकित्सेत छेद देणे, पू काढणे, जखम स्वच्छ करणे हे सारे येते.

खरा धोका पायाला असतो. बधिर झालेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, शेकाने भाजलेलेही कळत नाही. वरून लेप वाळतो, आत पू पसरतो. असे वाया गेलेले चार दिवस बोटावर, प्रसंगी पायावर बेततात.

कोरड्या त्वचेला खोबरेल तेल जरूर लावावे, बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या ठेवाव्यात. पाय रोज पाहावेत. जखम, लाली किंवा सूज दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. वैद्यांचे औषध सुरू केले, तरी साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर बंद करू नये. परंपरेचा मान राखायचा, तर तिच्यातले सोयीचे तेवढेच उचलून कसे चालेल?